झाडं, वस्ती आणि पैसा: नाशिकच्या तरुण गटांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिना संपत आला की आमच्या व्हॉट्सॲपवर तेच प्रश्न यायला लागतात: झाडं लावायला आणि जगवायला पैसा कुठून आणायचा? कॉलेजच्या पोरांचे, सातपूर-सिडकोतल्या मंडळांचे, एखाद्या वस्तीत अभ्यासिका चालवणाऱ्या ताईंचे. कागदपत्रं करायला आम्ही जमेल तशी मदत करतो, पण प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहिणं आता आवाक्याबाहेर गेलं आहे. म्हणून हे एकत्र केलं. प्रश्न आले तसेच ठेवले आहेत, फक्त शुद्धलेखन सुधारलं आहे.

१. आम्ही कॉलेजचे आठ जण आहोत. नोंदणी नाही, बँक खातं नाही. आम्हाला निधी मिळेल का?

मिळेल, पण रोख कमी आणि वस्तू जास्त. रोपं, शेणखत, टँकर, ट्रीगार्ड, कुदळ-फावडी द्यायला कोणी नोंदणीपत्र मागत नाही. नाशिकमध्ये तर एक सोय अशी आहे जी फार थोड्या शहरांना आहे. आसपास द्राक्षबागा आहेत. बाग काढली की शेतकऱ्याच्या बांधावर ठिबकच्या जुन्या नळ्या, बांबू, तारा पडून असतात. दिंडोरी रोडच्या एका काकांनी आमच्या ओळखीच्या गटाला अशी पाच बंडलं दिली. अर्धे ड्रिपर क्षाराने बुजलेले होते. पोरांनी रविवारभर बसून टाचणीने एकेक मोकळा केला. त्या नळ्या अजून चालतात.

रोख पैसा हवा असेल तर तीन वाटा आहेत: कॉलेजमार्फत (प्रश्न ३), दुसऱ्या संस्थेच्या छत्राखाली (प्रश्न ४) किंवा स्वतःची नोंदणी करून (प्रश्न ५). पहिल्या वर्षी तिसऱ्या वाटेला जाऊ नका. गट टिकतो का, हे आधी कळू द्या.

२. रोपं तर रोपवाटिकेतून फुकट किंवा नाममात्र दरात मिळतात. मग निधी कशाला लागतो?

पाण्याला आणि माणसाला. अर्जात सगळ्यात जास्त चूक इथे होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

समजा, शंभर रोपं लावली. आपल्याकडे पाऊस सप्टेंबरअखेर आवरतं घेतो, ऑक्टोबरभर जमिनीत ओल राहते. नोव्हेंबर ते मे असे सात महिने पाणी तुम्ही घालायचं. दर रोपाला २० लिटर, पाच दिवसांनी एक पाळी. म्हणजे एका पाळीला २,००० लिटर, सात महिन्यांत ४२ पाळ्या, एकूण ८४,००० लिटर. पाच हजार लिटरचे सतरा टँकर. दुसऱ्या वर्षी दहा दिवसांनी पाळी दिली तरी नऊ टँकर. तिसऱ्या वर्षी बहुतेक देशी झाडांना एप्रिल-मेपुरतं पुरतं. हे आकडे मुरमाड जमिनीचे. गोदाकाठच्या काळ्या मातीत कमी लागेल, डोंगरउतारावर जास्त.

आता हा पाइप कोण धरणार? परीक्षा मार्च-एप्रिलमध्ये असतात, आणि झाडाला पाण्याची खरी गरज तेव्हाच. आमचाच अनुभव सांगतो. पहिल्या वर्षी आम्ही ६३ रोपं लावली, फोटो काढले, पेढे वाटले. होळीपर्यंत अकरा उरली. पाणी घालायची ज्याची पाळी होती, त्या प्रत्येकाची परीक्षा होती. दोष कोणाचाच नव्हता. अंदाजपत्रकात त्या कामाला माणूस नव्हता, एवढंच.

तेव्हा निधी मागताना रोपांची संख्या निम्मी करा आणि तीन वर्षांचं पाणी नि पाणी घालणाऱ्याची मजुरी लिहा. सातपूरला फाशीच्या डोंगरावर २०१५पासून नाशिककरांनी देवराई उभी केली. तिथेही लावणं एका दिवसाचं असतं. पाणी, राखण आणि वणव्याच्या दिवसांत जाळरेषा काढणं मात्र वर्षानुवर्षं चालतं.

३. कॉलेजच्या एनएसएसमधून (राष्ट्रीय सेवा योजना) पैसे मिळतात का?

गटाला वेगळे मिळत नाहीत. एनएसएसच्या स्वयंसेवकाला वर्षाला १२० तास काम करायचं असतं, शिवाय सात दिवसांचं विशेष शिबिर असतं. तुमचं काम त्या तासांत आणि त्या शिबिरात बसवून घेता येतं. म्हणजे हात मिळतात, प्रवास-जेवणाचा खर्च शिबिराच्या अनुदानातून निघतो, आणि मुख्य म्हणजे प्राचार्यांच्या सहीचं पत्र मिळतं. ते पत्र महापालिकेत फार उपयोगी पडतं. कार्यक्रम अधिकारी बदलले की गणित बदलतं, तेवढं गृहीत धरा.

४. दुसऱ्या संस्थेच्या नावावर निधी घेतला तर आमचं काम त्यांचं होईल का?

कागदावर होईल. देणगीदाराला जबाबदार तेच, हिशोब देणार तेच. म्हणून आधी साध्या कागदावर करार करा: काम कोण ठरवणार, बिलं किती दिवसांत चुकती होणार, संस्था व्यवस्थापनापोटी किती टक्के ठेवणार, अहवालात आणि फलकावर गटाचं नाव कसं येणार, आणि मध्येच फाटलं तर उरलेल्या पैशाचं काय. शेवटचं कलम लिहायला सगळ्यांना संकोच वाटतो. लिहाच.

संस्थेने पैसे तुमच्या खात्यावर वळते करण्यापेक्षा टँकरवाल्याला, रोपवाटिकेला थेट दिलेले बरे. त्यांचा ताळेबंद स्वच्छ राहतो आणि तुमच्या वैयक्तिक खात्यात लोकांचा पैसा येत नाही. चांगली छत्र संस्था ओळखायची खूण: मागच्या वर्षीचा लेखापरीक्षण अहवाल मागितला तर त्या रागावत नाहीत.

५. नोंदणी करायची ठरवली. सोसायटी की ट्रस्ट?

तुमच्यासारख्या गटाला सोसायटी बरी. १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात जण लागतात, कार्यकारिणी निवडून येते, माणसं बदलू शकतात. ट्रस्टमध्ये विश्वस्तांच्या हाती सगळं राहतं. महाराष्ट्रात सोसायटीलाही १९५०च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याखाली नोंद करावी लागते, त्यामुळे दोन्हीकडे दार एकच: धर्मादाय कार्यालय. उद्देश लिहिताना फक्त ‘वृक्षारोपण’ लिहू नका. पर्यावरण, आरोग्य, शिक्षण, वस्तीविकास, युवकांचं प्रशिक्षण असं सगळं घाला. नंतर घटना बदलणं म्हणजे वर्षाची निश्चिंती.

त्यानंतर आयकराची दोन प्रमाणपत्रं, लोक ज्यांना १२ए (संस्थेला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला करात वजावट) म्हणतात. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६पासून लागू झाल्यावर कलमांचे आकडे बदलले, पण सीएपासून देणगीदारापर्यंत सगळे अजून जुन्याच नावांनी बोलतात. सीएसआरचा, म्हणजे मोठ्या कंपन्यांनी कायद्याने सामाजिक कामावर खर्च करायचा पैसा हवा तर आणखी एक: सीएसआर-१ हा फॉर्म. पुढचं प्रश्न १० मध्ये.

६. आमच्यातले निम्मे अजून अकरावी-बारावीत आहेत. चालेल?

कामाला चालेल, सहीला नाही. विश्वस्त, पदाधिकारी, करार करणारे, सगळे १८ पूर्ण हवेत. लहान मुलांसाठी ‘युवा सल्लागार मंडळ’ करा आणि कोणत्या जागेवर काय लावायचं, याचा ठराव त्यांच्याकडून घ्या. पालकांचं संमतिपत्र घ्या, आणि फोटो छापायची परवानगी त्यात वेगळी लिहून घ्या. कुदळ-फावड्याचं काम आहे, तेव्हा गटाचा अपघात विमाही काढा. अंदाजपत्रकात ही ओळ पाहून आजवर एकाही देणगीदाराने नाक मुरडलेलं आम्ही पाहिलं नाही.

७. इन्स्टाग्रामवर क्यूआर कोड टाकून वर्गणी गोळा केली तर काय बिघडतं?

गणेश मंडळाला विचारा! नोंदणी नसलेल्या मंडळाने वर्गणी काढायची तर धर्मादाय कार्यालयातून कलम ४१-क खाली तात्पुरती परवानगी काढावी लागते. ते कलम फक्त गणपतीसाठी नाही. धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसा गोळा करणाऱ्या सगळ्यांनाच ते लागू आहे. झाडं ही त्यातच आली.

शिवाय पैसा एका मित्राच्या यूपीआयवर जमा होतो, त्याच खात्यातून तो चहाही पितो, आणि सहा महिन्यांनी कोणी हिशोब विचारला की भांडण. आपसात, घरच्यांकडून, ओळखीच्यांकडून काढलेल्या दोन-पाच हजारांची गोष्ट वेगळी. अनोळखी लोकांकडे हात पसरायचा असेल तर छत्र संस्थेचा क्यूआर वापरा आणि दर महिन्याला जमाखर्च त्याच पेजवर टाका. ८०जीची पावती देणार असाल तर एका माणसाची २,००० रुपयांवरची रोकड घेऊ नका, त्याला वजावट मिळत नाही.

८. महापालिकेकडे झाडांसाठी वेगळा पैसा असतो का?

असतो. तुमच्या घरपट्टीच्या बिलावर वृक्षकराची ओळ असते, एकदा शोधून पाहा. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ या कायद्याने वृक्षप्राधिकरण आणि वृक्षनिधी या दोन्ही गोष्टी दिल्या आहेत. निधी झाडं लावणं, जगवणं, गणना करणं यासाठीच आहे. पण तो गटांना अनुदान म्हणून सहसा वाटला जात नाही. उद्यान विभाग निविदा काढतो, ठेकेदार काम करतो. तरुण गटाच्या वाट्याला येतं ते असं: जागेची परवानगी, खड्डे खणायला यंत्र, विभागीय कार्यालयाचा टँकर. सहा विभागीय कार्यालयं आहेत: पूर्व, पश्चिम, पंचवटी, सिडको, सातपूर, नाशिक रोड. अर्ज तिथे द्या, एक प्रत राजीव गांधी भवनात, आणि दोन्हींवर आवक क्रमांक घ्या. आवक क्रमांक नसलेला अर्ज म्हणजे गोदावरीत सोडलेला द्रोण.

आणखी एक खिसा. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९मध्ये सुरू झाला, त्यातल्या शहरांत नाशिक आहे. धूळ रोखणारे हरितपट्टे त्यात बसतात. अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतींच्या रस्त्यांलगत काम करणाऱ्यांनी अर्जात हा संबंध जरूर दाखवावा. राज्य सरकारच्या ‘माझी वसुंधरा’ अभियानात महापालिकेला गुण मिळवायचे असतात, तिथेही तुमचं काम मोजलं जातं. बदल्यात काय मागायचं, ते तुम्ही ठरवा.

वृक्षनिधी कुठे खर्च झाला हे हवं असेल तर माहितीचा अधिकार आहेच. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. ‘गेल्या तीन वर्षांत विभागनिहाय किती झाडं लावली आणि त्यांतली आज किती जिवंत आहेत’ एवढंच विचारा. उत्तर वाचण्यासारखं असतं.

९. आमच्या प्रभागातले नगरसेवक म्हणतात, ‘निधी देतो.’ घ्यावा का?

घ्या, पण तो तुमच्या हातात येणार नाही हे लक्षात ठेवा. नगरसेवक असोत, आमदार असोत की खासदार, त्यांच्या शिफारशीवर काम होतं ते सरकारी यंत्रणेमार्फत, आणि सहसा टिकाऊ वस्तूवर: कुंपण, बोअर, पाण्याची टाकी, पायवाट. मजुरीला आणि टँकरला तो नाही. तेव्हा त्यांच्याकडे बोअर आणि कुंपण मागा, पाण्याची पाळी दुसरीकडून भागवा. मार्च २०२२ ते जानेवारी २०२६ शहरात प्रशासकीय राजवट होती, नगरसेवक नव्हतेच. आता १२२ जण आहेत. सुरुवातीच्या उत्साहात मागून घ्या.

१०. सीएसआर कोणाकडे मागायचा? अंबडमधल्या प्रत्येक कंपनीला मेल केला, एकाचंही उत्तर नाही.

प्रत्येक कंपनीला सीएसआर लागू नसतो. २०१३च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे निव्वळ मूल्य ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी एक जरी असेल तरच. अशा कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के खर्च करायचे असतात. वसाहतीतले छोटे वर्कशॉप यात येत नाहीत. त्यांच्याकडे पत्रा, अँगल, वेल्डिंग मागा, ट्रीगार्ड बनवून मिळतील. कोण मोठे, कोण लहान हे निमा किंवा आयमा या उद्योजक संघटनांच्या कार्यालयात बसलं तर तासाभरात कळतं. मेलपेक्षा हे बरं.

मोठ्या कंपनीचा निर्णय पुष्कळदा मुंबई-पुण्याच्या मुख्यालयात होतो. इथल्या कारखान्यातल्या एचआरला पटवणं ही पहिली पायरी, शेवटची नव्हे. आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं. प्रस्ताव त्याआधी जायला हवा. मे महिन्यात ‘पाच जूनसाठी (पर्यावरण दिन) मदत करा’ म्हणून जाणं म्हणजे वरातीमागून घोडं.

अडचण ही: बाहेरच्या संस्थेला १२ए, ८०जी, सीएसआर-१ आणि तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. नव्या गटाला हे शक्य नाही, म्हणून प्रश्न ४.

११. कंपनी म्हणते, ‘पाच जूनला हजार झाडं लावू, आमचे कर्मचारी येतील, टी-शर्ट देऊ.’ नाही कसं म्हणायचं?

नाही म्हणू नका, नियम दाखवा. एकवेळचे कार्यक्रम सीएसआरमध्ये धरता येत नाहीत, हे कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०१४मध्येच परिपत्रकात सांगितलं आहे. उलट, सुरू राहणारा प्रकल्प म्हणून मंजूर केला तर सुरुवातीचं वर्ष सोडून पुढची तीन वर्षं खर्च करता येतो. म्हणजे तुम्हाला जे तीन वर्षांचं पाणी हवं आहे, ते नियमातच बसतं! प्रस्तावात ‘पाच जूनचा कार्यक्रम’ पहिल्या महिन्याची एक ओळ ठेवा आणि खाली छत्तीस महिन्यांचा तक्ता लावा. टी-शर्टही घ्या. खड्डे खणताना जुने कपडे लागतातच.

‘प्रशासकीय खर्च पाच टक्क्यांवर देता येत नाही’ असं सांगून काही ठिकाणी पाणी घालणाऱ्याची मजुरी कापतात. ती पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चाला आहे. प्रत्यक्ष प्रकल्पावर राबणाऱ्या माणसाची मजुरी हा प्रकल्पाचाच खर्च. नम्रपणे, पण लेखी सांगा.

१२. ‘पर्यावरणीय न्याय’ असं लिहिलं की समोरचा दचकतो. शब्द बदलावा का?

शब्द बदला, मुद्दा बदलू नका. न्यायाचा मुद्दा नाशिकमध्ये समजावून सांगायला पुस्तक लागत नाही. एप्रिलमध्ये दुपारी दोन वाजता कॉलेज रोडवरून चाला, मग गंजमाळच्या भीमवाडीत किंवा पंचवटीतल्या फुलेनगरच्या गल्लीत चाला. एकीकडे रस्त्यावर सावली, दुसरीकडे पत्र्याचं छप्पर आणि दाराबाहेर बादली घेऊन बसलेली आजी. नासर्डी नदीकाठच्या घरांना वास आणि पूर दोन्ही. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की शहर फोटो काढायला जातं, काठावरची घरं सामान उचलायला लागतात. कागदोपत्री नासर्डी आता नंदिनी झाली. पाणी तेच राहिलं.

प्रस्तावात हे आकड्यांनी मांडा, आणि आकडे तुम्हीच गोळा करा. दोन थर्मामीटर घ्या. एकाच दिवशी, एकाच वेळी, एक झाडाखाली आणि एक पत्र्याच्या घरात. आठवडाभर नोंद ठेवा. गल्लीतली मोठी झाडं मोजा, घरं मोजा. अशी एक वही दहा पानी प्रस्तावनेपेक्षा जड भरते. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत, म्हणजे सीएसआर कशावर खर्च करता येतो त्या यादीत, पर्यावरणाइतकाच झोपडपट्टी भागाचा विकासही आहे, त्यामुळे ‘वस्तीतली सावली’ हा प्रकल्प दोन्ही खान्यांत बसतो. आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२४मध्ये हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा समतेच्या आणि जगण्याच्या अधिकाराचा भाग मानला आहे, हे एका वाक्यात लिहायला हरकत नाही.

एकच गोष्ट करू नका. वस्तीच्या नावावर पैसा आणून झाडं रिंग रोडच्या दुभाजकात लावू नका. हे घडतं. वस्तीत जागा नाही म्हणतात. मग कुंड्या, मांडवावरचे वेल, अंगणवाडीचं आवार, सार्वजनिक नळाजवळचं एक करंज, असं शोधावं लागतं. सांडपाण्यावर वाढणारं ते एक करंज बहुधा शंभरांतलं पहिलं जगतं.

१३. वस्तीतल्या मुलांना मानधन दिलं तर ‘स्वयंसेवा’ कशी म्हणायची?

रविवारी सकाळी मोकळा असणं ही सगळ्यांना परवडणारी गोष्ट नाही. जो मुलगा रविवारी मार्केट यार्डात हमाली करतो किंवा जी मुलगी धुणीभांडी करते, तिचा दिवस बुडवून तिला ‘सेवा’ करायला लावायची आणि शहरातून आलेल्या समन्वयकाला पगार द्यायचा, हा कसला न्याय? मानधन द्या. हजेरी लिहा, बँकेत द्या, दर सगळ्यांना सारखा ठेवा. १८ खालच्यांना मजुरीवर लावू नका. त्यांच्यासाठी प्रशिक्षण, पुस्तकं, प्रवासखर्च असं बघा.

१४. जागेची परवानगी आधी की निधी आधी?

जागा. लेखी. मोकळी दिसणारी जमीन कोणाची, हे आधी शोधा: महापालिकेची, एमआयडीसीची, जलसंपदा विभागाची, वनविभागाची, की लेआउटमधली मोकळी जागा. शेवटच्या प्रकारात तिथल्या रहिवाशांच्या सोसायटीचा ठराव हवा. नदीकाठी निळ्या पूररेषेत झाडं लावता येतात, पण पक्कं कुंपण, चौथरा, टाकी बांधायच्या भानगडीत पडू नका. वर बघा: महावितरणच्या तारा असतील तर खाली बहावा, कांचन, आपटा यांच्यापलीकडे जाऊ नका. पिंपळ लावाल आणि पाचव्या वर्षी छाटणीवरून भांडत बसाल. खाली बघा: पाण्याची लाइन, गॅसची लाइन. सिंहस्थाची कामं संपेपर्यंत रस्त्यालगतच्या कुठल्याही पट्ट्याबद्दल ‘रुंदीकरणात जाणार नाही’ हे लेखी घेतल्याशिवाय एक रुपया घालू नका.

१५. देणगीदाराला मियावाकीच हवं आहे.

मियावाकी म्हणजे खेटून रोपं लावून केलेलं दाट जंगल. लहान जागेत, कुंपण आणि रोजचं पाणी असेल तर करा. एका चौरस मीटरला तीन-चार रोपं, म्हणजे आकडा मोठा दिसतो. देणगीदाराचं प्रेम त्या आकड्यावर असतं. वस्तीला मात्र खाली बसता येईल अशी सावली हवी असते. दाट झाडीत बाज टाकता येत नाही.

१६. एका बिल्डरने तोडलेल्या झाडांच्या बदल्यातली झाडं आम्ही लावून द्यावीत, पैसे तो देईल, असं म्हणतो. घ्यायचं काम?

कायद्याने बंदी नाही, पण हा निधी नव्हे, ठेका आहे. २०२१च्या दुरुस्तीनंतर तोडलेल्या झाडाचं वय जितकं, तितकी झाडं बदल्यात लावायची. रोप किमान सहा फुटी हवं. सात वर्षं जोपासायचं. पन्नास वर्षांवरचं झाड वारसा वृक्ष. म्हणजे चाळीस वर्षांच्या एका कडुनिंबापोटी चाळीस रोपं आणि सात वर्षांची जबाबदारी. बिल्डर पैसे एका वर्षाचे देतो, जबाबदारी कराराने तुमच्या गळ्यात टाकतो. सातही वर्षांचे पैसे आधी जमा आणि अंतिम जबाबदारी त्याचीच, असं असेल तरच विचार करा.

आमचं मत विचाराल तर लांब राहा. उद्या त्याच माणसाने दुसरं झाड तोडायला काढलं की हरकत घ्यायला तुमची जीभ उचलणार नाही.

१७. वृक्षतोडीविरुद्ध हरकत घेतली किंवा आंदोलनात गेलो तर मिळणारा निधी बंद होईल का? आणि दाव्याचा खर्च कुठून आणायचा?

हरकत-सूचना नोंदवणं ही कायद्यातलीच पायरी आहे, त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. २०२५च्या अखेरीस तपोवनात सिंहस्थाच्या साधुग्रामासाठी झाडं तोडायचा प्रस्ताव आला, तेव्हा शाळकरी पोरांपासून आजोबांपर्यंत नाशिककर उभे राहिले. त्यांतल्या कितीतरी गटांचे महापालिकेशी रोजचे संबंध होते. तुटले नाहीत, थोडे ताणले गेले असतील. सल्ला एवढाच, की प्रकल्पाचा पैसा आणि आंदोलनाचा पैसा यांची वही वेगळी. सीएसआरच्या पैशातून फलक छापला की दुसऱ्या दिवशी तोच कागद तुमच्याविरुद्ध वापरला जातो.

दाव्याला वाटतो तितका खर्च नसतो. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागीय पीठ पुण्यात आहे. नुकसानभरपाई मागत नसाल तर अर्जाची फी १,००० रुपये. वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, १८ खालची मुलं, औद्योगिक कामगार यांना तिथे मोफत मदत मिळते, आणि महिलांना उत्पन्नाची अट नाही. वस्तीतल्या ताई अर्जदार असतील तर हा मार्ग आधी बघा.

१८. माझा आतेभाऊ अमेरिकेत आहे. तो पाचशे डॉलर पाठवतो म्हणतो. घेऊ?

आधी त्याला विचारा, पासपोर्ट कोणता. भारतीय पासपोर्ट असेल, पैसा त्याच्या स्वतःच्या बचतीतला असेल आणि बँकेमार्फत येत असेल तर तो परकीय निधी धरला जात नाही. पासपोर्टची प्रत फाइलला लावून ठेवा. तो अमेरिकी नागरिक झाला असेल, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) असलं तरी, तर तो परकीय स्रोत. मग एफसीआरए (परकीय निधीचा कायदा) नोंदणी किंवा पूर्वपरवानगीशिवाय ना संस्थेला घेता येतं, ना गटाला. ‘मी माझ्या खात्यावर घेतो आणि गटाला देतो’ ही पळवाट नाही, अपराध आहे.

नोंदणीसाठी संस्था तीन वर्षं जुनी आणि त्या काळात मूळ कामावर पंधरा लाख खर्च केलेली हवी. २०२०पासून एका संस्थेने घेतलेला परकीय निधी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, म्हणून प्रश्न ४ मधलं छत्रही इथे तसंच चालत नाही. काम छत्र संस्थेनेच करायचं, तुम्ही तिचे कार्यकर्ते म्हणून.

उलट शंकाही येते: अंबडमधली परदेशी मालकीची कंपनी सीएसआर देते, तो परकीय का? ती इथे नोंदलेली कंपनी असेल आणि परदेशी भागभांडवल कायद्याने ठरवलेल्या मर्यादेत असेल तर नाही.

१९. परदेशी फाउंडेशनच्या तरुणांसाठीच्या स्पर्धा दिसतात. भराव्यात का?

नियम आधी वाचा. उदाहरणार्थ, ब्लूमबर्ग फिलान्थ्रोपीजच्या युवा हवामान निधीत पैसा शहराच्या प्रशासनाला मिळतो, आणि प्रशासन १५ ते २४ वयाच्या तरुणांच्या प्रकल्पांना १,००० ते ५,००० डॉलरचे छोटे निधी वाटतं. अशा योजनेत तुम्ही एकटे फॉर्म भरून उपयोग नाही, महापालिकेने उतरायला हवं. रोख बक्षीस थेट तुमच्या नावावर येणार असेल तर प्रश्न १८ पुन्हा वाचा आणि सीएला विचारा.

२०. झाडं मेली. देणगीदार पैसे परत मागेल का?

लपवलं तर मागेल. करारातच जगण्याचं प्रमाण आणि मर तुटीची तरतूद लिहा: पहिल्या पावसाळ्यानंतर मेलेल्यांच्या जागी पुढच्या जूनमध्ये नवी रोपं. दर तीन महिन्यांनी मोजणी करा, मेलेली लाल रंगात दाखवा, कारणासह: शेळी, वणवा, टँकर आला नाही, कोणीतरी मांडवासाठी उपटलं. विनियोग प्रमाणपत्राबरोबर (पैसा ठरल्या कामावर खर्च झाला, असा दाखला) हा तक्ता दिला की पुढचा हप्ता अडत नाही. शंभर टक्के जगली असं लिहिणाऱ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, ठेवूही नये.

२१. आमचा अध्यक्ष पुण्याला नोकरीला गेला. बँकेत त्याची सही आहे, फोन उचलत नाही, आणि मार्चचा हप्ता खात्यात पडून आहे.

दर वर्षी किमान दोन गट हा प्रश्न घेऊन येतात. घटनेप्रमाणे सूचना काढून सभा घ्या, नवा पदाधिकारी निवडा, ठराव इतिवृत्तात लिहा. मग धर्मादाय कार्यालयात कलम २२ प्रमाणे फेरफार अर्ज द्या, तो बदलापासून ९० दिवसांत द्यायचा असतो. ठरावाची प्रत बँकेत द्या. काही शाखा फेरफार मंजूर होईपर्यंत सही बदलत नाहीत आणि मंजुरीला महिने जातात. तोवर टँकरवाल्याला उधारीवर राजी करणं, हेच काम उरतं. नवी संस्था काढताना तीन सह्यांपैकी कोणत्याही दोन, अशी सूचना बँकेला द्या, आणि त्या तिघांतली एक व्यक्ती अशी निवडा जी नाशिक सोडून जाणार नाही. बहुतेक गटांत ती कोणाची तरी आई असते.